आधी परत आणायला शिका, मग बंद करायला

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान चालवतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जमिनीचा उतारा, रेशन कार्डातली दुरुस्ती, मुलांचे कॉलेजचे अर्ज, शिवाय चंदगड-कोल्हापूरकडे दिलेल्या लेकींसाठी महाराष्ट्रातल्या संकेतस्थळांवरची कामं, हे सगळं एकाच संगणकावर चालतं. दुपारपर्यंत ब्राउझरमध्ये तीस-चाळीस टॅब साचतात. त्यांची नावं दिसेनाशी होतात आणि हवं ते पान सापडत नाही. मागे एका आजोबांचा भरत आलेला अर्ज हातून बंद झाला. आणखी एकदा तर एकाचा अर्ज भरता भरता पानावर दुसऱ्याचंच नाव दिसायला लागलं. बेळगावला डिग्रीला असलेला पुतण्या सुट्टीत दुकानात बसतो, माऊसला हात न लावता भराभरा पानं फिरवतो आणि वर म्हणतो, "काकू, अजून माऊसच काय वो?" लेकीने साठेक शॉर्टकट छापून भिंतीवर चिकटवलेत. ते वाचूनच डोकं धरतं. यजमान म्हणतात, काउंटरवर पोराला बसव, तू झेरॉक्स बघ. पुतण्याचं म्हणणं, नवा संगणकच घेऊया. ताई विचारतात, "पंचेचाळिशी ओलांडली. आता हे माझ्या हातात बसेल का? की जागा सोडून द्यावी?"

ताई,

तुमच्या पत्रात 'मी हळू आहे' हे वाक्य तीन वेळा आलंय. मला ते पटलं नाही. का ते सांगते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेलं एखादं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. आधार कार्ड स्कॅन करायचं, फाइल मोठी झाली म्हणून लहान करायची, मग ओटीपी. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, मुलगा गोव्यात कामाला, आणि तो दुपारी जेवायला बसेपर्यंत फोन उचलत नाही. तोवर पानाची मुदत संपलेली असते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यातच सर्व्हर आज चालणार की नाही ते वरच्याला ठाऊक. या सगळ्यात माऊसऐवजी कळ दाबून वाचणार किती? काही सेकंद. पुतण्या बसला तरी गोव्यातला फोन लवकर लागणार नाही.

तुमचा वेळ जातो तो हवं ते पान शोधण्यात. आणि शोधावं लागतं ते चाळीस पानं उघडी आहेत म्हणून. म्हणजे बोटं किती वेगाने चालतात हा प्रश्नच नाही. इतकी पानं उघडी का राहतात, हा आहे. पुतण्याच्या वेगाने चाळीस टॅब फिरवले तरी ते चाळीसच राहणार, फक्त ते डोळ्यांसमोरून जरा जोरात पळतील.

माझा अंदाज सांगू? तुम्ही पान बंद करत नाही, कारण ते परत मिळेल याची खात्री नाही. एवढ्या खटपटीने उघडलेलं, लॉगिन केलेलं पान. असू दे तसंच, लागलं तर. आजोबांचा अर्ज गेल्यापासून तर ही भीती दुप्पट झाली असेल. अशी 'असू दे' म्हणून ठेवलेली पानं दुपारपर्यंत चाळीस होतात, आणि त्या गर्दीतच पुढचं पान चुकून बंद होतं.

म्हणून भिंतीवरच्या त्या कागदातली पहिली शिकायची कळ कुठली, तर बंद झालेलं परत आणणारी: कंट्रोल, शिफ्ट आणि टी, तिन्ही एकत्र. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हीकडे ही चालते. शेवटी बंद केलेला टॅब होता त्याच जागी उघडतो. पुन्हा दाबा, त्याच्या आधीचा येतो. अख्खी खिडकी बंद झाली असेल तर सगळ्या टॅबसकट खिडकी परत येते. खानापूरकडच्या पावसात वीज गेली आणि संगणक धाडकन बंद झाला, तरी वीज आल्यावर ब्राउझर उघडून आधी हेच दाबून बघा. बहुतेक वेळा होतं तेवढं सगळं मांडून मिळतं.

आठवडाभर एवढंच करा. सकाळी दुकान उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आत, बातम्यांची चार-पाच पानं उघडा, कंट्रोल-डब्ल्यूने एकेक बंद करा आणि कंट्रोल-शिफ्ट-टीने परत आणा. बंद, परत, बंद, परत. वेळ मोजायचा नाही. 'गेलं तरी येतं' हे एकदा हाताला पटलं की पान बंद करताना छातीत होणारी धडधड थांबते, आणि दुसरं काही न शिकताही टॅब निम्म्यावर येतील. मी म्हणते म्हणून मानू नका, करून बघा.

पण या कळीची मर्यादा आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या मला नावं ठेवाल. पान परत येतं. पानात टाइप केलेला मजकूर येईलच असं नाही. सरकारी पोर्टलवर तर बहुधा पुन्हा लॉगिन करा म्हणतात आणि रकाने कोरे असतात. म्हणून लांबलचक अर्ज असेल आणि पोर्टलवर मसुदा जतन करण्याचं बटण असेल, तर दर टप्प्याला ते दाबायचं. नसेल तर आधी सगळे कागद स्कॅन करून, माहिती समोर मांडून, मगच अर्जाचं पान उघडायचं. तुम्ही आजवर उलट करत असाल. पान उघडून ठेवायचं आणि मग "आजोबा, पासबुक आणलंय काय?" आजोबा पासबुक आणायला घरी जातात, पान तसंच पडून राहतं, आणि टॅबमध्ये एकाची भर पडते.

भरलेला अर्ज गमावणं हा काही फक्त तुमच्या हाताचा दोष नव्हे. पूर्वी क्रोममध्ये बॅकस्पेस दाबलं की आधीचं पान उघडायचं. रकान्यातलं अक्षर खोडायला लोक बॅकस्पेस दाबायचे, कर्सर रकान्याच्या बाहेर असायचा, आणि भरलेला अर्ज गायब. हे इतक्या लोकांचं व्हायला लागलं की २०१६ मध्ये क्रोमने बॅकस्पेसचं ते कामच काढून घेतलं. जगभरातल्या सराईत लोकांचे अर्ज उडत होते, तिथे खानापुरातल्या एका काकूंचा एक उडाला तर त्यात वय कुठून आलं?

याला लागूनच एक सावधगिरी, जी त्या छापील कागदात नसणार. कीबोर्डवर टी आणि आर शेजारी-शेजारी आहेत. कंट्रोल-टीने नवा टॅब उघडतो, कंट्रोल-आरने चालू पान नव्याने लोड होतं, म्हणजे भरलेला अर्ज कोरा होऊ शकतो. घाईत टीऐवजी आरवर बोट पडणं अगदी सोपं आहे. फी भरण्याच्या पानावर असं झालं आणि ब्राउझरने 'अर्ज पुन्हा पाठवू का?' असं काही विचारलं, तर रद्द करा. घाबरून होय म्हणू नका. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेत का ते आधी त्याच्या फोनवरच्या मेसेजमध्ये बघा. अर्धा अर्ज समोर असताना नवं पान हवंच असेल, तर निदान सुरुवातीला तरी वरच्या अधिक चिन्हावर माऊसने टिचकी मारा. त्याने काही बिघडत नाही. पुतण्या हसला तर हसू दे.

आता ती दुसरी गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि माझ्या मते पत्रात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे: एकाचा अर्ज भरताना दुसऱ्याचं नाव दिसायला लागलं. तुम्ही लिहिता, "माझंच लक्ष नव्हतं." लक्ष होतं, ताई. ब्राउझर तसंच वागतो. एका ब्राउझरमधल्या एकाच संकेतस्थळाच्या सगळ्या टॅबना लॉगिन एकच असतं. घराला दारं चार, किल्ली एकच. पहिल्या टॅबमध्ये एकाच्या नंबरने लॉगिन केलंत, ओटीपीची वाट बघता बघता दुसऱ्या टॅबमध्ये त्याच पोर्टलवर दुसऱ्याच्या नंबरने लॉगिन केलंत, की पहिला टॅबही गुपचूप दुसऱ्याचा होतो. पान वरून तसंच दिसत राहतं. पुढचं बटण दाबलं की दुसऱ्याचं नाव उमटतं. तुमच्या नजरेस पडलं म्हणून निभावलं. भराभरा पानं फिरवणाऱ्याच्या नजरेस पडलं असतं का, याचा विचार यजमानांनीही करावा.

यावर उपाय आहे, पण त्यातही एक गोम आहे. ज्या कामात गिऱ्हाइकाचं स्वतःचं लॉगिन लागतं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरचा अर्ज, डिजिलॉकर, कुणाचा ई-मेल, ते काम गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत करा. क्रोम आणि एजमध्ये ती कंट्रोल-शिफ्ट-एनने उघडते, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पीने. काम संपलं की खिडकी बंद. लॉगिन तिथेच संपतं, पुढच्या माणसाला मागच्याचं काही दिसत नाही. गोम अशी, की दोन गुप्त खिडक्या एकाच वेळी उघड्या असतील तर त्यांचंही लॉगिन एकच असतं. पुष्कळांना वाटतं प्रत्येक गुप्त खिडकी वेगळी. तसं नाही. एकाचं पूर्ण करून, सगळ्या गुप्त खिडक्या बंद करून, मगच दुसऱ्याचं उघडायचं. आणि क्रोमच्या गुप्त खिडकीत बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येत नाही. तिथे मात्र बंद करताना दोनदा बघायचं. कीबोर्डच सोडून माऊसने बंद केलंत तरी चालेल.

खरंच दोन माणसांचं एकाच पोर्टलवरचं काम एकाच वेळी चालवायचं असेल, एकाचा ओटीपी अडकलाय आणि दुसरा ताटकळतोय, तर एकाचं क्रोममध्ये करा आणि दुसऱ्याचं एजमध्ये. विंडोजमध्ये एज असतोच. दोन ब्राउझरची लॉगिनं वेगळी राहतात, आणि ऑल्ट धरून टॅबची कळ दाबली की एकातून दुसऱ्यात जाता येतं. यापेक्षा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

लॉगिन न लागणारी कामं, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या 'भूमी' संकेतस्थळावर नुसता उतारा बघणं, दाखल्यांच्या 'नाडकचेरी' संकेतस्थळावर अर्ज कुठवर आलाय ते बघणं, निकाल बघणं, ही साध्या खिडकीत करा. त्यातली रोजची तीन-चार पानं पिन करून टाका. टॅबवर उजवी टिचकी मारली की पिन करण्याचा पर्याय दिसतो. पिन केलेला टॅब आकसून डाव्या टोकाला जाऊन बसतो आणि त्याची जागा हलत नाही. मग कंट्रोल आणि १ दाबलं की पहिलं पान, २ दाबलं की दुसरं, असं ८ पर्यंत. कंट्रोल-९ मात्र नववं पान दाखवत नाही, एकदम शेवटचं दाखवतं. पहिलं नाडकचेरी, दुसरं भूमी, तिसरं गिऱ्हाइकांचे कागद येतात ते व्हॉट्सअॅप, असा क्रम एकदा लावलात की बोटांना तो पंधरा दिवसांत पाठ होतो. क्रम तुमच्या दुकानात काय जास्त खपतं त्यावर ठरवा. निपाणीकडे दुसरा असेल, अथणीकडे तिसराच. क्रोममध्ये पिन केलेलं पानही कंट्रोल-डब्ल्यूने बंद होतं, तेवढं ध्यानात असू द्या. झालं तर काय दाबायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

बाकीची पानं शोधायला क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. सगळ्या उघड्या पानांची उभी यादी येते, पूर्ण नावांसकट. त्यात दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी गाळून मिळते, एंटर दाबलं की त्या पानावर. आपल्याकडे अर्धी पानं कन्नडमध्ये, काही मराठीत, काही इंग्रजीत. नाव कन्नड लिपीत असलं तरी शोधायला कन्नड टाइप करावं लागत नाही, कारण संकेतस्थळाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत असतो आणि शोध त्यातही होतो. एकाच पोर्टलची पाच पानं उघडी असतील तर ती यादीतही सारखीच दिसतील, तिथे हा उपाय लंगडा पडतो. पण वर सांगितलं तसं एका वेळी एकाचंच काम ठेवलंत तर पाच पानं साचणारच नाहीत. फायरफॉक्समध्ये मात्र हीच कळ भलतंच पान उघडते. तिथे पत्त्याच्या रकान्यात टक्केवारीचं चिन्ह, एक मोकळी जागा, आणि पुढे नाव टाइप करा.

पत्त्याच्या रकान्यात जायला कंट्रोल-एल. दुव्यावर कंट्रोल धरून टिचकी मारली की तो मागे नव्या टॅबमध्ये उघडतो, हातातलं पान जागचं हलत नाही. कंट्रोल आणि टॅबची कळ दाबली की पुढचं पान, सोबत शिफ्ट धरलं की मागचं. एवढं पुरे. साठातले पन्नास तुम्हाला जन्मात लागणार नाहीत. तो कागद भिंतीवरून काढा. लेकीने हौसेने लावलाय म्हणून वाईट वाटत असेल तर तिलाच सांगा, यातल्या लागतात तेवढ्याच ओळी मोठ्या अक्षरांत लिहून दे, मॉनिटरच्या खाली लावते.

आणि 'या वयात हातात बसेल का' म्हणता, तर जे बसलेलं आहे त्याचं काय? कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-पी तुम्ही दिवसातून किती वेळा दाबता? झेरॉक्स-प्रिंटचं दुकान त्यावरच चालतं. ते शिकायला कुणी भिंतीवर कागद लावला होता? गंमत म्हणजे कट-कॉपी-पेस्ट ही सोय १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ज्या संशोधन केंद्रात घडवली, ते झेरॉक्स कंपनीचंच होतं. तुमच्या पाटीवरचं नाव आणि तुमच्या बोटांतली सवय एकाच घरातली निघाली. ज्या कळा कामाला लागतात त्या हातात बसतात. पाठ करायला घेतल्या की डोकं धरतं, ते पुतण्याच्या वयातही धरतं.

कीबोर्डचा विषय निघालाच आहे म्हणून एक आगंतुक सूचना. तुम्ही लिहिलंय की मराठी टाइपिंग इनस्क्रिप्टने येतं, पण कन्नड नावं टाइप करायला पुतण्या लागतो. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना समान आहे. मराठीत क ज्या कळीवर, कन्नडमध्येही क त्याच कळीवर. विंडोजमध्ये कन्नड भाषा आणि तिचा कीबोर्ड जोडून घ्या, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदला, आणि मराठीत जसं टाइप करता तसंच करत जा. कन्नड वाचता तुम्हाला येतंच, अर्ज तुम्हीच तर वाचून सांगता लोकांना. थोडी अक्षरं अडतील, जोडाक्षरांत गडबड होईल, पण नावापुरतं जमायला फार दिवस लागू नयेत.

आता चाळीस टॅबांमधली ती पानं, जी 'उद्या परत बघायचंय' म्हणून ठेवलेली असतात. अर्ज गेला, दाखला आला का ते चार दिवसांनी बघायचं, म्हणून पान उघडंच. ब्राउझर त्यासाठी नाही. अर्ज केला की मिळणारा अर्ज क्रमांक, माणसाचं नाव आणि तारीख, एवढं एका दोनशेपानी वहीत लिहा आणि पान बंद करा. क्रमांक असला की स्थिती कधीही बघता येते. टॅब उघडा असला आणि क्रमांक नसला तर वीज गेल्यावर काय हातात राहतं? पुतण्याला वही जुनाट वाटेल. वाटू दे. आणखी एक: लोक व्हॉट्सअॅपवर आधार, पासबुक, फोटो पाठवतात, ते सगळं डाउनलोड होऊन संगणकात साठतं. कंट्रोल-जेने ती यादी उघडते. फाइली त्यांच्या फोल्डरमधूनच रोज रात्री पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. नुसती यादी पुसली म्हणजे फाइली गेल्या असं समजू नका.

पुतण्याबद्दल. तो तुम्हाला कमी लेखत असेल असं मला वाटत नाही. त्या वयात येतं ते दाखवायची हौस असते, आणि दाखवायला घरचं माणूस सापडतं. पण शिकवताना तो दहा कळा एका दमात दाबून "बघितलंत ना?" म्हणत असणार. त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही आणि तुम्ही माऊसला नाही, अशी अट घालून रोज संध्याकाळी एक कळ शिकवायला सांगा. त्याने तोंडाने सांगायचं, तुम्ही करायचं. त्याच बैठकीत तुम्ही त्याला दुसरं विचारा: काल ज्या बाईंचं डिजिलॉकर उघडलं होतंस ते बंद केलंस का? साध्या खिडकीतच केलं होतंस ना? आता कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून बघू काय परत येतं ते. जी कळ तुमचं हरवलेलं पान आणून देते, तीच कळ मागच्या गिऱ्हाइकाचं उघडं राहिलेलं खातंही पुढच्याच्या समोर आणून ठेवते. हे त्याला शिकायचंय, आणि ते शिकवायला वेगवान बोटं लागत नाहीत.

यजमानांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवाल, संसार तुमचा. मला विचाराल तर काउंटर सोडू नका. "अक्का, यात काय लिहिलंय ते तेवढं वाच की" म्हणत लोक तुमच्याकडे येतात. कन्नड अर्जातला रकाना मराठीत समजावून सांगणं, आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं आडनाव असलं तर कुठलं लिहायचं हे विचारून घेणं, कुठल्या घरातलं कोण गोव्याला आणि कुणाचा नंबर बदललाय हे ठाऊक असणं, ही काउंटरवरची कामं आहेत. गर्दीच्या दिवसांत, कॉलेजच्या प्रवेशांच्या वेळी, पुतण्याला स्कॅनिंग आणि फाइली लहान करण्याचं काम द्या. तिथे त्याचा वेग कामी येतो, आणि कुणाचं लॉगिन त्याच्या हातात राहत नाही.

हे सगळं फक्त दुकानवाल्यांसाठी आहे असं इतर वाचकांनी समजू नये. टिळकवाडीतल्या अकाउंटंटच्या संगणकावर दोन पक्षकारांची खाती एकाच पोर्टलवर अशीच एकमेकांत मिसळतात, आणि शाळेतल्या एकाच संगणकावर चार शिक्षक पाळीपाळीने माहिती भरत असतील तर तिथे गुप्त खिडकीची सवय सगळ्यात आधी लावायला हवी. मॅक वापरणाऱ्यांनी इथे सांगितलेल्या बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड वाचावं; कंट्रोल-टॅब तेवढं तिथेही कंट्रोलच.

राहता राहिला नवा संगणक. आधी दुपारच्या गर्दीत, नेहमीसारखे टॅब उघडे असताना, क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. कुठलं पान किती मेमरी खातंय त्याची यादी येते. टॅब कमी केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. क्रोमच्या सेटिंगमध्ये कामगिरीच्या (परफॉर्मन्स) भागात मेमरी वाचवण्याची सोय आहे, ती न वापरलेली पानं झोपवते. ती चालू करा, पण रोजच्या पोर्टलांची नावं 'नेहमी चालू ठेवा'च्या यादीत घाला. तरीही संगणक रखडला तर रॅम वाढवणं आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवणं, हे दोन्ही नव्या संगणकापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. बेळगावला खरेदीला जाल तेव्हा दोन दुकानांत दर विचारा.

पैसे घालायचेच असतील तर मी दुसऱ्या मॉनिटरवर घालीन, जुना मिळाला तरी चालेल. तो गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून ठेवा. विंडोजची कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा, मग विंडोज-शिफ्ट आणि बाणाच्या कळीने त्या माणसाच्या अर्जाची खिडकी, फक्त तेवढीच, त्याच्या पडद्यावर सरकवा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, सर्व्हे नंबर तो स्वतः बघेल आणि चुकलं तर तिथल्या तिथे बोलेल. ज्यांना वाचता येत नाही ते सोबत नातवंडाला घेऊन येतातच.